एका फळीवरचा मालधक्का : छोट्या घरात मॉडेल रेल्वे कशी बसवावी

वन बीएचकेमध्ये मॉडेल रेल्वे बसते का? बसते. पण आपल्या मनात असते ती बसत नाही. मनात असते चोवीस डब्यांची एक्स्प्रेस, वळणावर झुकलेली, मागे सह्याद्री, मध्ये बोगदा. तिचा हिशेब आधी करून टाकू, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, जुना निळा डबा बफरसकट साधारण २२.३ मीटर लांब. एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ ला, तो सुमारे साडेपंचवीस सेंटिमीटर होतो. चोवीस डबे जोडले की सहा मीटरच्या वर गेलो, इंजिन वेगळंच. त्याहून लहान एन स्केल, म्हणजे १:१६०, घेतलं तरी नुसते डबे ३.३ मीटर. गाडी उभी करण्यातच हॉल संपला, ती धावणार कुठे?

म्हणून माझं पहिलं आणि ठाम मत सांगतो. लहान जागेत गाडी पळवायचा नाद सोडा, गाडीला काम द्या. गोल गोल फिरणारी गाडी पहिल्या संध्याकाळी घरातले सगळे बघतात, चौथ्या दिवशी तुम्हीही बघत नाही. उलट दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे), तीन सायडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ), एक इंजिन आणि आठ वाघिणी एवढ्या सामानावर शंटिंगचा, म्हणजे वाघिणी हव्या त्या रुळावर हव्या त्या क्रमाने लावायचा, खेळ वर्षानुवर्षं चालतो, आणि तो सव्वा मीटरच्या फळीवर मावतो. या लेखात तीच फळी उभी करायची आहे.

जागा मोजताना

टेप घेऊन घरभर फिरा आणि १२० × ३० सेंटिमीटरचा तुकडा कुठे राहतो ते बघा. चपलांच्या कपाटाची वरची बाजू, पुस्तकांच्या रॅकचा एक कप्पा, खिडकीखालचा कट्टा, दिवाणाच्या आतली पेटी. फळी वर्षभर मांडून ठेवावी लागत नाही, खेळताना जेवणाच्या टेबलावर आली तरी चालतं.

भाड्याच्या घरात राहत असाल तर भिंतीला ड्रिल मारायची बातच नको. अकरा महिन्यांचा करार संपला की घराबरोबर लेआउटही, म्हणजे फळीवरची सगळी मांडणीही, हलणार, हे धरूनच बांधा. बेत मोठा असेल तर फळीचे दोन भाग करा, खाली नटबोल्टने जोडता येतील असे. आणि फळी कापून आणण्याआधी इमारतीची लिफ्ट आतून मोजून घ्या. जिन्याच्या वळणावर अडकलेला तयार लेआउट कोणत्याच कोनात फिरत नाही.

स्केल : एन की एचओ?

भारतात नवशिक्याला व्यवहारात दोनच पर्याय सहज मिळतात. एचओमध्ये रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर, एनमध्ये ९. एचओच्या गाड्या हाताळायला सोप्या, चष्मा लागलेल्यांना सोयीच्या, आणि भारतीय इंजिनं-डब्यांची जी काही मोजकी मॉडेलं निघतात त्यांतली बरीचशी याच मापात. एन स्केलला तीच गोष्ट जवळजवळ निम्म्या लांबीत होते. जागाच कमी असेल तर एन. या लेखातली मापं एनचीच आहेत, एचओसाठी लांबी पावणेदोनपट ते दुप्पट धरा.

एक खोट दोन्हीकडे आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:१६० ला तो साडेदहा मिलिमीटर व्हायला हवा, पण एनचे रूळ जगभरातल्या १४३५ च्या गेजवरून बेतलेले, म्हणून ९ चे. भारतीय गाडी त्यांच्यावर किंचित अरुंद पायांवर उभी दिसते. स्वतः रूळ बांधणारे थोडेच, बाकी सगळे हे चालवून घेतात. तुम्हीही घ्या.

नॅरोगेजचं प्रेम असेल तर एक गमतीशीर योग आहे. बार्शी लाइट रेल्वे आणि मूर्तिजापूर–यवतमाळची शकुंतला या दोन्हींचा गेज ७६२ मिलिमीटर होता. १:८७ ला तो पावणेनऊ मिलिमीटर होतो, म्हणजे एनच्या तयार रुळांवर एचओ मापाची शकुंतला जवळजवळ अचूक बसते. मात्र तिचं इंजिन आणि डबे स्वतः घडवावे लागतात, तेव्हा तो दुसऱ्या लेआउटचा विषय ठेवा.

गोल का नको, आणि चढ तर नकोच

तरीही गोल हवाच असेल तर एनमध्ये तो करता येतो. २४९ मिलिमीटर त्रिज्येचे तयार वळणरूळ मिळतात. पूर्ण वर्तुळ म्हणजे रुळाच्या मधल्या रेषेने पन्नास सेंटिमीटर व्यास, दोन्ही कडांना थोडी जागा सोडून साठ. दोन फूट रुंद फळी लागली. पण त्या वळणावर लांब डबा बघवत नाही, मधला भाग रुळाच्या आत आणि टोकं बाहेर. त्रिज्या सगळ्यांत लांब डब्याच्या निदान अडीच-तीनपट असावी, असा ठोकताळा आहे. एनमधला आयसीएफ डबा जवळपास चौदा सेंटिमीटरचा, म्हणजे पस्तीस ते बेचाळीसची त्रिज्या आली. फळी गेली तीन फुटांवर. आता ती दारातून न्या.

चढाचा मोह याहून वाईट. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर एनमध्ये पुलासकट पाचेक सेंटिमीटर उंची गाठावी लागते. खऱ्या बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के, आणि तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. त्याच चढाने पाच सेंटिमीटर चढायला १ मीटर ८५ लागतात, उतरायला पुन्हा तेवढेच. चार बाय दोन फुटांच्या फळीवर पूर्ण फेरीच जेमतेम तीन मीटरची. म्हणून हौशी लोक चढ सहा-सात टक्क्यांवर नेतात, आणि मग इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. पहिला लेआउट सपाट ठेवा.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. जरूर बघा, मुलांना न्या. फक्त तिथून परतल्यावर लगेच आराखडा काढायला बसू नका. त्या मापाची हौस आणि आपला हॉल यांचं जमत नाही.

आराखडा : पाच, तीन, तीन

अ‍ॅलन राइट नावाच्या इंग्रज हौशी माणसाने बसवलेली एक रचना जगभर इंगलनूक सायडिंग्ज म्हणून ओळखली जाते. तीन सायडिंग. सगळ्यांत लांबीत पाच वाघिणी उभ्या राहतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. तिन्ही सायडिंग दोन सांध्यांनी एकत्र येतात आणि पुढे शंटिंग नेक, म्हणजे इंजिनाला पुढेमागे करायला ठेवलेला आखूड रूळ, त्यात इंजिन आणि तीन वाघिणी मावल्या पाहिजेत. एकूण वाघिणी आठ. त्यांतल्या पाच, चिठ्ठ्यांत निघतील त्या क्रमाने, लांब सायडिंगमध्ये लावून द्यायच्या. आठांतून पाचांचा क्रम ६,७२० प्रकारे लागू शकतो. कंटाळा यायला बराच अवकाश आहे.

या रचनेत मजा लांबीच्या मर्यादेत आहे. शंटिंग नेक एका वाघिणीने जरी लांब झाला तरी कोडं ढिलं पडतं, आखूड झाला तर अडतं. म्हणून मापं आपल्या वाघिणींवरून काढा, पुस्तकातल्या आकड्यांवरून नाही. कपलिंग जोडून एक वाघीण किती जागा घेते ते मोजा. बोगीची मोठी वाघीण एनमध्ये नऊ सेंटिमीटर धरली तर शंटिंग नेक तीन वाघिणींचे सत्तावीस अधिक इंजिनाचे बारा, म्हणजे चाळीसच्या आसपास. दोन सांधे मिळून पंचवीस. लांब सायडिंग पंचेचाळीस. बेरीज ११०, दोन्ही टोकांना पाच-पाच सोडले की १२०. जुन्या चार चाकी वाघिणी घेतल्यात, सुमारे पाच सेंटिमीटरच्या, तर हेच सगळं ९० सेंटिमीटरमध्ये आटपतं.

एक बारकावा नवीन माणसाच्या हमखास नजरेतून सुटतो. सांधा संपला तिथे सायडिंग सुरू होत नाही. दोन रूळ एकमेकांपासून पुरेसे लांब जाईपर्यंत तिथे उभी केलेली वाघीण शेजारच्या रुळावरून जाणाऱ्या गाडीला घासते. खऱ्या रेल्वेत या जागी फाउलिंग मार्क असतो. आपणही सगळ्यांत रुंद वाघीण प्रत्यक्ष ठेवून तो बिंदू शोधायचा, खूण करायची आणि सायडिंगची लांबी तिथून मोजायची.

कॉम्प्युटरवर आखायचं तर एक्सट्रॅककॅड फुकट मिळतं. पण मी तरी आधी खाकी कागदाची गुंडाळी जमिनीवर पसरून पूर्ण मापात आराखडा काढायला सांगेन. कागदावर सांधे ठेवा, वाघिणी ठेवा, हाताने ढकलून दोन-तीन डाव खेळून बघा. जे हाताने ढकलताना जमत नाही, ते मोटरनेही जमणार नाही.

कुठलं स्टेशन, कुठला काळ

आज रेल्वेत मालगाडी अखंड रेकने भरते, एकेक वाघीण इकडून तिकडे लावणं फारसं उरलेलं नाही. म्हणून शंटिंगचा लेआउट थोडा मागच्या काळातला असला की पटतो. सत्तरचं दशक घ्या. चार चाकी वाघिणी सर्रास होत्या, डिझेल इंजिनं आलेली होती, वाफेची गेलेली नव्हती.

जागेसाठी माझी पसंती नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या पट्ट्याला. लासलगावच्या आसपास एक काल्पनिक फाटा, त्याच्या टोकाला मालधक्का. काल्पनिक अशासाठी की मुख्य मार्ग घेतला तर ओव्हरहेड वायर आली, आणि पहिल्याच लेआउटवर खांब आणि तारा उभ्या केल्यात तर वाघिणी सोडवायला हात घालाल तेव्हा त्या तुटतील. शिवाय नाव आपलंच ठेवलं की ‘इथे लूप लाइन उजवीकडे होती’ असं सांगायला कोणी येत नाही. सामान मात्र खरं ठेवा : मालधक्क्याची पत्र्याची शेड, पोत्यांच्या थप्प्या, बैलगाड्या, एखादी जुनी ट्रक आणि मागे कांद्याची चाळ. चाळीच्या भिंती फटीफटींच्या असतात, त्या काडेपेटीतल्या काड्या उभ्या चिरून झकास होतात. ढिगातला कांदा दाखवायला मोहरी वापरायचा मोह होतो. १:१६० ला मोहरीचा दाणा कलिंगडाएवढा होतो. जाडी वाळू चाळून, गुलाबी रंगवून टाका. रवा मापाने बरोबर बसतो खरा, पण त्याला पोरकिडे लागतात.

फळी

१२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या. दुकानदार तिथेच कापून देतो. एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत असतं, पण कोकणपट्टीच्या हवेत ते फुगतं आणि एकदा फुगलेलं परत बसत नाही. प्लायच्या खाली चारी कडांनी सहा-सात सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या उभ्या लावा, मध्ये एक आडवी. त्यामुळे फळी वाकत नाही आणि वायरी खाली लपतात. मग ऑइल पेंट किंवा वुड सीलर सगळ्या बाजूंनी, खालून आणि कडांनाही. एकच बाजू रंगवलेला प्लाय पावसाळ्यात धनुष्य होतो.

वर पाच मिलिमीटरचा सनबोर्ड किंवा कॉर्कशीट फेविकॉलने चिकटवा. आवाज कमी होतो आणि रुळांच्या बाजूला खडीचा उतार करता येतो. थर्मोकोल वापरत असाल तर रबरबेस गोंद आणि स्प्रे पेंट लांब ठेवा, दोन्ही थर्मोकोल खातात.

रूळ आणि वीज

पहिल्या लेआउटला खडीसकट येणारे, एकमेकांत खटकन बसणारे तयार रूळ घ्या. महाग पडतात, पण आराखडा चुकला तर उचलून पुन्हा मांडता येतात. सांधे चांगल्या कंपनीचेच. गाडी घसरते ती बहुतेक वेळा सांध्यावर, आणि तिथे वाचवलेले पैसे रोज त्रास देतात.

रूळ जोडताना मिटल्या डोळ्यांनी जोडावर बोट फिरवा. नखाला खाच लागली तर चाकालाही लागणार. सगळे जोड घट्ट करू नका, दोन-तीन ठिकाणी व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट सोडा. इथे कारण उन्हापेक्षा लाकडाचं आहे : पावसाळ्यात फुगलेला प्लाय हिवाळ्यात आकसतो, रूळ मात्र तेवढेच राहतात, आणि फट नसेल तर ते बाजूला सरकून वाकतात. खिळे किंवा गोंद एवढ्यात नको. पहिले काही दिवस टेपवर चालवा.

वीज अगदी साधी ठेवा. एन आणि एचओ दोन्ही १२ व्होल्ट डीसीवर चालतात, एका रुळावर धन, दुसऱ्यावर ऋण. दिशा उलटी केली की गाडी उलटी. तयार कंट्रोलर मिळाला तर उत्तम. नाहीतर १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर, वेग कमीजास्त करायला एक पीडब्ल्यूएम मोटर कंट्रोलर आणि दिशा बदलायला डीपीडीटी स्विच, एवढं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतं. अडॅप्टर तयार, बंद डब्यातलाच घ्या. २३० व्होल्टच्या बाजूला आपण स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही.

वायर शंटिंग नेकला जोडा, म्हणजे सांध्याच्या तोंडाकडून वीज आत जाईल. काही सांधे ज्या बाजूला लावलेले असतात त्याच रुळाला वीज देतात. तसे असतील तर पुढेमागे दुसरं इंजिन आलं की एक सायडिंगमध्ये झोपवून दुसरं चालवता येतं. डीसीसीची, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणाऱ्या डिजिटल पद्धतीची, एका इंजिनाच्या लेआउटला गरज नाही. दुकानदार काहीही म्हणो.

इंजिन आणि वाघिणी

बजेटचा मोठा वाटा इंजिनावर घाला. शंटिंगला वेग नको, मुंगीच्या चालीने न अडखळता सरकणं हवं. सगळ्या चाकांतून वीज उचलणारं इंजिन बघा, आणि विकत घेण्याआधी शक्य असेल तर सांध्यावरून हळू चालवून बघा. आपल्याकडचं यार्डातलं डब्ल्यूडीएस-४ हे तीन आसांचं डिझेल शंटिंग इंजिन. परदेशी कंपन्यांची तीन आसांची छोटी शंटर मॉडेलं रंग बदलून त्याच्या जवळपास नेता येतात. रेल्वेप्रेमी नाक मुरडतील, मुरडू दे.

वाघिणी हलक्या असल्या की मागे ढकलताना सांध्यावर उडतात. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने वजनाचा एक हिशेब घालून दिला आहे. त्याप्रमाणे पाच सेंटिमीटरच्या एन वाघिणीचं वजन बावीस-तेवीस ग्रॅम भरतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि बंद वाघिणीत छोटे नट चिकटवून सगळ्यांना एका वजनावर आणा. या एका कामाने घसरणं जितकं कमी होतं, तितकं दुसऱ्या कशानेही होत नाही. कपलिंग सगळ्या वाघिणींना एकाच जातीचं लावा. सोडवायला उदबत्तीची काडी पुरते.

खडी, माती, झाडं

देखावा शेवटी, आणि गाडी महिनाभर नीट चालल्यावर. दख्खनची खडी काळसर करडी. बांधकामाची क्रश सँड चहाच्या गाळणीतून गाळली तर छान दिसते, पण आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. दगडाच्या भुकटीत लोहाचे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात. खडी कोरडीच ब्रशने बसवा, सांध्याच्या हलत्या भागापासून लांब. मग ड्रॉपरने पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून भिजवा, आणि वरून एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी सोडा. साबण विसरलात तर गोंदाचा थेंब खडीवर गोळा होऊन बसतो, आत जात नाही.

जमिनीला शेतातली काळी माती, उन्हात कडकडीत वाळवून चाळलेली. वाळका चहाचा चोथा पालापाचोळ्यासाठी चांगला, मात्र नीट वाळला नसेल तर जुलैत त्यावर बुरशी येते. बाभळीला तांब्याच्या वायरचं खोड आणि काथ्या. माणसं जेमतेम एक सेंटिमीटरची होतात, त्यांच्या नाकीडोळी रंगवत बसू नका, फेटा पांढरा आणि लुगडं लाल दिसलं की पुष्कळ.

धूळ आणि पावसाळा

इंजिन अडखळायला लागलं की लोक मोटर उघडतात. आधी रूळ पुसा. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ, आणि मग इंजिनाची चाकं. सँडपेपर नको, त्याच्या चऱ्यांत घाण आणखी भरते. खेळून झालं की फळीवर जुनी चादर नाही, कारण तिचे धागे आसांत गुंततात. प्लास्टिकचं झाकण किंवा सनबोर्डचा खोका. जून ते सप्टेंबर गाड्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

आता खेळा

आठ वाघिणींना नंबर द्या, आठ चिठ्ठ्या करा. पाच वाघिणी लांब सायडिंगमध्ये, तीन एका आखूड सायडिंगमध्ये, दुसरी आखूड रिकामी. पाच चिठ्ठ्या उचला, निघाल्या त्या क्रमाने ओळीत मांडा, तीच तुमची निघणारी गाडी. वाघिणींना हात लावायचा नाही, फक्त कपलिंग सोडवायला काडी. शंटिंग नेकमध्ये एका वेळी तीनच वाघिणी मावतात हे विसरू नका. सुरुवातीला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातील. हात बसला की नियम कडक करा : मालधक्क्याशी भरत असलेली वाघीण हलवली तर ती त्याच जागी परत आणून ठेवायची. घरात दुसरा भिडू मिळाला तर एकाने ड्रायव्हर व्हावं, दुसऱ्याने सांधेवाला, आणि हाताच्या इशाऱ्यांशिवाय एकमेकांशी बोलायचं नाही.